घाटाचा उतार आणि जबड्याची ठेवण

वरचा आणि खालचा जबडा एकमेकांशी का जुळत नाहीत, याचे एक उत्तर कवटीच्या तळाशी दडलेले असते. उतारवयात त्यातील काय स्वीकारावे आणि कोणत्या बदलाकडे दुर्लक्ष करू नये, याविषयी.

‘हनुवटी अगदी आजोबांवर गेली आहे’, हे वाक्य कोणत्या घरात उच्चारले गेले नाही? कोणाची हनुवटी पुढे आलेली, कोणाची मागे दबलेली, कोणाचे वरचे दात ओठांबाहेर डोकावणारे. तरुणपणी ही चेहऱ्याची ओळख असते. साठी-सत्तरीनंतर मात्र याच ठेवणीची तक्रार होऊ लागते. कवळी बसत नाही, घास नीट चावला जात नाही, बोलताना शब्द निसटतात, कानापुढे दुखते. घरातील मंडळी ‘वय झाले’ असे म्हणतात आणि विषय तेथेच संपतो.

वाचकहो, तो तेथे संपू नये यासाठी हा लेख. जबड्याच्या न जुळण्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, जन्मापासून किंवा वाढीच्या वयापासून सोबत असलेली ठेवण. दुसरी, अलीकडे झालेला बदल. पहिली बहुधा व्याधी नसते. तिला सांभाळून घ्यावे लागते. दुसरी मात्र शरीराने धाडलेला निरोप असू शकते. या दोहोंतील फरक कळण्यासाठी आधी जबडा कशाला टांगलेला आहे, ते पाहू.

कवटीचा तळ म्हणजे काय?

डोक्याची कवटी आपण वरून ओळखतो. परंतु मेंदू ज्या हाडांच्या बैठकीवर विसावलेला असतो, तो कवटीचा तळ बाहेरून दिसत नाही. नाकाच्या मुळापासून तो जवळजवळ आडवा मागे जातो आणि मध्यावर पोहोचल्यावर खाली वळतो. मग पाठीचा कणा जेथे डोक्याला मिळतो, त्या मोठ्या छिद्रापर्यंत तो उतरत जातो.

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना हा आकार समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. आपला जिल्हाच ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असा विभागलेला आहे. बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालेला प्रवासी आधी पठारावर असतो. राजूर घाट लागला की रस्ता उतरू लागतो आणि पुढे पूर्णेच्या खोऱ्यातील सपाटी येते. कवटीच्या तळाचा पुढचा भाग म्हणजे पठार, मागचा भाग म्हणजे घाटाचा उतार. जेथे पठार संपून उतार सुरू होतो, त्या घाटमाथ्यावर हाडात खोगिरासारखा एक खळगा आहे. त्या खळग्यात पीयूषिका ही मटाराएवढी ग्रंथी बसलेली असते. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

आता जबडे पाहा. वरचा जबडा पठाराच्या खाली जडवलेला आहे. तो स्वतंत्रपणे हलत नाही. खालच्या जबड्याची बिजागरी मात्र उताराच्या बाजूला, शंखास्थीच्या खोबणीत आहे. कानाच्या छिद्रासमोर बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली जे सरकते, तीच ही बिजागरी. म्हणजे वरचा जबडा पठाराच्या आधाराने आणि खालचा उताराच्या आधाराने उभा आहे. पठार आणि उतार यांच्यातील कोन बदलला, तर दोन्ही जबड्यांचे परस्परांतील अंतर बदलणे ओघानेच येते.

कोनाचा खेळ

हा कोन प्रौढ माणसात साधारण १३० अंशांच्या आसपास असतो. व्यक्तीगणिक त्यात काही अंशांचा फरक पडतो. कोन मोठा असेल, म्हणजे उतार सौम्य आणि लांबट असेल, तर बिजागरी मागे राहते. खालचा जबडा लांबीने पुरेसा असूनही मागे बसल्यासारखा दिसतो आणि वरचे दात पुढे वाटतात. कोन लहान असेल, म्हणजे उतार खडा असेल, तर बिजागरी पुढे येते आणि तिच्यासोबत हनुवटीही पुढे येते.

दातांच्या न जुळण्याचे तीन वर्ग अमेरिकेतील दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडले, पण त्यांची मांडणी दातांपुरती होती. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोक्याचा बाजूने, ठरावीक अंतरावरून क्ष-किरण फोटो घेण्याची पद्धत रूढ केली. या फोटोला सेफॅलोग्राम म्हणतात. त्यामुळे जिवंत माणसाच्या कवटीचा तळ मोजता येऊ लागला आणि आर्ने बियर्क यांच्यासारख्या स्कँडिनेव्हियन संशोधकांनी तळाचा कोन व चेहऱ्याची ठेवण यांचा संबंध तपशिलाने तपासला.

या संबंधाचा ढळढळीत पुरावा काही जन्मजात स्थितींत मिळतो. अकॉन्ड्रोप्लेझिया या स्थितीत हातपाय आखूड राहतात, कारण कूर्चेतून हाड बनण्याची क्रिया मंदावते. कवटीचा तळही कूर्चेतूनच वाढत असल्याने तोही आखूड राहतो. परिणामी चेहऱ्याचा मधला भाग दबलेला आणि खालचा जबडा पुढे आलेला दिसतो. खालच्या जबड्याची वाढ येथे बहुतांशी ठीक असते. आखडलेला असतो तो तळ.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वसाधारण माणसांत हा कोन एकटा सर्व ठरवत नाही. हनुवटी पुढे असलेल्यांमध्ये कोन लहान आढळतो, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले. हनुवटी मागे असलेल्यांच्या बाबतीत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. जबड्यांची स्वतःची लांबी, आनुवंशिकता, जिभेची ठेवण, श्वास नाकाने की तोंडाने, लहानपणी चावण्याचा सराव, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. युरोपातील हाब्सबर्ग राजघराण्याची पुढे आलेली हनुवटी प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी त्या घराण्यातील १५ व्यक्तींची ६६ चित्रे तपासून या ठेवणीचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या नात्यातील विवाहांशी जोडला. थोडक्यात, कवटीचा तळ हा घराचा पाया आहे; पण भिंती कशा उठल्या, यालाही महत्त्व असतेच.

पाया केव्हा पक्का होतो?

कवटीच्या तळाचा पुढचा भाग साधारण सातव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण वाढतो. मागच्या भागात, दोन हाडांच्या मध्ये, कूर्चेचा एक पट्टा बराच काळ जिवंत राहतो. किशोरवयात तोही हाडात रूपांतरित होतो. मुलींमध्ये मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी. त्यानंतर हा कोन कायमचा ठरतो.

यातून दोन व्यवहार निघतात. पहिला नातवंडांचा. आजी-आजोबांचे लक्ष घरातील मुलांवर सर्वांत जास्त वेळ असते. सात-आठ वर्षांच्या मुलाचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत असतील, तोंड मिटताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल, झोपेत तोंड उघडे राहून घोरणे ऐकू येत असेल, तर ‘मोठेपणी आपोआप जुळेल’ असे म्हणून थांबू नये. मागे राहिलेला वरचा जबडा पुढे आणण्याचे उपचार साधारण दहाव्या वर्षाच्या आत अधिक गुण देतात. मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठीची साधने वयात येतानाच्या वाढीचा फायदा घेतात. ही संधी एकदा गेली की पुढे मोठी शस्त्रक्रिया किंवा तडजोड एवढेच पर्याय उरतात. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला हे आवर्जून दाखवावे.

मुलांना चावू द्यावे, हाही त्याचाच भाग. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी १९८० च्या दशकात चंदीगड परिसरातील ग्रामीण आणि शहरी तरुणांची तुलना केली, तेव्हा मऊ अन्नावर वाढलेल्या शहरी मुलांत दात न जुळण्याचे प्रमाण अधिक आढळले. ज्वारीची भाकरी, फुटाणे, ऊस, गाजर यांनी कवटीचा तळ बदलत नाही; परंतु जबड्याच्या स्नायूंना व हाडांना वाढीच्या वयात योग्य काम मिळते.

दुसरा व्यवहार प्रौढांचा. डोक्याला विशिष्ट दाब देऊन, पट्टा बांधून, मालीश करून किंवा जीभ टाळूला चिकटवून साठीतील माणसाच्या कवटीचा तळ ‘सरळ’ करून देण्याची हमी कोणी देत असेल, तर नम्रपणे नकार द्यावा. जुळून गेलेली हाडे अशी हलत नाहीत. मोबाइलवर अशा चित्रफितींचा सुकाळ आहे. त्यांच्यापायी पैसा जातो आणि मानेला इजा होण्याची भीतीही असते.

दात गेल्यावर काय घडते?

ज्या हाडात दाताचे मूळ रुतलेले असते, ते हाड दातासाठीच जगते. दात गेला की ते झिजू लागते. ही झीज दोन्ही जबड्यांत सारखी नसते. टॅल्ग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचा सुमारे २५ वर्षे मागोवा घेऊन १९७२ मध्ये दाखवून दिले, की खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातील झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट असते. शिवाय वरचा जबडा झिजताना आत सरकतो, तर खालचा झिजताना बाहेरच्या बाजूला रुंदावल्यासारखा होतो. दातांचा आधार गेल्याने तोंड मिटताना खालचा जबडा गरजेपेक्षा वर आणि पुढे जातो. हनुवटी नाकाला भेटू पाहते, असे आपण विनोदाने म्हणतो, त्यामागचे कारण हेच.

म्हणजे तरुणपणी ज्यांचे जबडे उत्तम जुळत होते, त्यांचीही हनुवटी सत्तरीत पुढे आलेली दिसू शकते. ज्यांची ती मुळातच पुढे होती, त्यांच्यात हा फरक आणखी ठळक होतो. उलट, ज्यांची हनुवटी मुळात मागे होती, त्यांना हा बदल उशिरा जाणवतो. पण खालच्या कवळीला आधार देणारे हाड त्यांचेही झिजलेलेच असते.

ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडून त्या सतत ओल्या राहणे, हेही जबड्यांमधील उंची घटल्याचे एक लक्षण असते. तेथे लाळ साचते आणि बुरशी वाढते. लोह किंवा ब-जीवनसत्त्वांची कमतरताही त्यास कारण ठरते. त्यामुळे केवळ मलम लावत राहण्यापेक्षा रक्त आणि कवळी दोन्ही तपासून घ्यावीत.

कवळी करवून घेताना

जबड्यांची मूळ ठेवण येथे फार कामास येते. कवळी करताना सर्वांचे दात एकाच आदर्श रेषेत बसवणे योग्य नसते. ज्यांची बिजागरी मागे आहे, त्यांच्या खालच्या कवळीचे दात दिसायला छान म्हणून फार पुढे बसवले, तर ओठ आणि जीभ ती सतत ढकलत राहतात. ज्यांची हनुवटी पुढे आहे, त्यांच्या वरच्या कवळीचे दात ओढूनताणून पुढे आणले, तर चावताना कवळी मागून सुटते. जाणकार दंतवैद्य हाडांची ठेवण मान्य करून त्यावर दातांची मांडणी करतात.

आपण त्यांना मदत करू शकता. दात पडण्यापूर्वीचे छायाचित्र सोबत न्यावे. शक्यतो हसतानाचे, आणि असल्यास बाजूने काढलेले. लग्नाचा फोटो, जुने ओळखपत्र, मुलांच्या मुंजी-बारशातील एखादा क्षण, काहीही चालेल. फोटो नसेल तर चेहऱ्याने आई-वडिलांवर गेलेल्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्यावे. जुनी कवळी मोडकी असली तरी टाकू नये. तीही दंतवैद्याला बरेच सांगते. बाजारात बसून एका तासात तयार दात चिकटवून देणाऱ्यांकडे जाऊ नये. हिरडीत कायमचे घट्ट बसवलेले असे दात काढता येत नाहीत, स्वच्छ होत नाहीत आणि खालचे हाड वेगाने खराब होते.

हाडे ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन चालू असेल, तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला ते अवश्य सांगावे. या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

खर्चाची चिंता असेल, तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अल्प उत्पन्न गटातील ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांच्यासह कवळीचाही समावेश आहे. त्याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. तपासणीचा आरंभ जिल्हा रुग्णालयातील दंतविभागापासून करता येईल. अवघड प्रकरणांसाठी छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालये आहेत. घाटावरच्या तालुक्यांना त्यांपैकी पहिले जवळ पडते.

नवा बदल म्हणजे निरोप

आता लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. पन्नास वर्षे हनुवटी पुढे होती आणि आजही आहे, तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु कालपर्यंत जुळणारे दात आज जुळेनासे झाले, तर त्याचे कारण कवटीच्या तळात शोधू नये. पुढील गोष्टी काळजीवाहकांनी ध्यानात ठेवाव्यात.

*तोंड उघडे ते उघडेच राहणे.* जांभई देताना किंवा मोठा घास घेताना बिजागरी खोबणीतून निसटते. दात नसलेल्या वृद्धांत हे अधिक घडते. हनुवटी पुढे येते किंवा एका बाजूला वळते, बोलता येत नाही, लाळ गळते. घरी जोर लावून बसवू नये. हनुवटीला रुमालाचा सैल आधार द्यावा, काही खाऊ-पिऊ घालू नये आणि रुग्णालय गाठावे. बोलता न येणाऱ्या आजारी व्यक्तीत हे दिवसेंदिवस कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून रोज तोंड धुताना ते मिटते की नाही, हे पाहावे.

*चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात लुळा पडणे, जीभ जड होणे.* हा पक्षाघात असू शकतो. ‘वारा लागला’ म्हणून तेल चोळत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. घाटाखालच्या एखाद्या गावातून सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचण्यातच यातील मोठा भाग जाऊ शकतो. लक्षणे केव्हा सुरू झाली, ती वेळ लिहून ठेवावी.

*चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखणे आणि थांबल्यावर थांबणे.* हे हृदयाचे दुखणे असू शकते. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत छातीत दुखण्यावाचूनही ते येते.

*चावताना जबडा भरून येणे, कानशिलावर नवी डोकेदुखी, नजर अंधुक होणे.* हा रोहिणीचा दाह विरळा असला, तरी त्याने दृष्टी कायमची जाते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

*तोंड कमी-कमी उघडणे.* स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, ते पाहावे. सुपारी, खर्रा, तंबाखू यांची सवय असलेल्यांत हे फार आढळते आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; खर्रा मात्र विदर्भात आजही सहज हाती पडतो. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, अकारण सैल झालेला दात किंवा बधिर झालेली हनुवटी, यांपैकी काहीही आढळले तरी तपासणी टाळू नये.

*दातांत फटी पडत जाणे आणि हनुवटी हळूहळू वाढणे.* अंगठी घट्ट होते, चपलेचा क्रमांक वाढतो, आवाज घोगरा होतो. घाटमाथ्यावरच्या खोगिरात बसलेली पीयूषिका ग्रंथी आठवते ना? तिच्यात गाठ होऊन वाढीचे संप्रेरक अधिक स्रवू लागले, तर प्रौढ वयातही खालचा जबडा वाढतो. हा बदल इतका संथ असतो, की रोज पाहणाऱ्यांना तो दिसत नाही. दोन वर्षांनी भेटणाऱ्या पाहुण्याला दिसतो. अशा पाहुण्याचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. या आजारावर उपचार आहेत.

रोजची काळजी

मागे बसलेल्या खालच्या जबड्यामुळे घशाची वाट मुळातच अरुंद असते. अशी व्यक्ती मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर डॉक्टरांना सांगावे; रक्तदाब आटोक्यात न येण्यामागे हेही कारण असू शकते. तोवर उताणे न झोपता कुशीवर झोपवावे. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. हिरड्यांना विश्रांती मिळते.

चावणे अवघड झाले म्हणून केवळ चहा-बिस्किटांवर दिवस ढकलू देऊ नये. ज्वारीच्या कण्या, दुधात कुस्करलेली भाकरी, मुगाचे घट्ट वरण, शिजवलेली पालेभाजी, दही, मऊ उकडलेले अंडे यांतून बळ मिळते. लहान घास, बसून जेवणे आणि जेवताना न बोलणे, एवढे पथ्य पाळावे. जबडा दुखत असेल तर काही दिवस मऊ अन्न, कोमट पाण्याचा शेक आणि मोठी जांभई येताना हनुवटीखाली हाताचा आधार, एवढ्याने अनेकांना आराम पडतो. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर तपासणी करावी.

महिन्यातून एकदा, उजेडात, घरातील वृद्ध व्यक्तीचा चेहरा समोरून आणि बाजूने शांतपणे पाहण्याचा परिपाठ ठेवावा. कवळी काढून तोंडाच्या आतही नजर टाकावी. काय पूर्वीपासून तसेच आहे आणि काय नवे आहे, याची नोंद औषधांच्या वहीत करावी. डॉक्टरांसमोर ‘हे कधीपासून?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर देता येणे, हे काळजीवाहकाच्या हातातील मोठे साधन आहे. पूर्वजांकडून आलेली हनुवटी मानाने मिरवावी. नवी वाकडी झालेली मात्र त्याच आठवड्यात, आणि त्यासोबत हात लुळा पडला असेल तर त्याच क्षणी, डॉक्टरांना दाखवावी.